तुटलेल्या बोटांचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा 'कामावर जायबंदी झालेल्या मजुराची नुकसानभरपाई' असे मी सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. वसंत व्याख्यानमाला म्हटली म्हणजे संत, शाहीर, शिवकाल, फार झाले तर एखाद्या दूरच्या देशाचा प्रवास. तीत हा कोर्टकचेरीतला विषय ऐकावयास दिवसभर उन्हाने तापलेली माणसे येतील काय, अशी शंका मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. आपण आला आहात, तेव्हा निम्मी शंका फिटली. उरलेली निम्मी फेडण्याचे काम माझे.

हा विषय मी का घेतला ते आधी सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ राहात. सारी गल्ली त्यांना बाबा म्हणे. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा शाबूत होता. चारही बोटे मुळापासून गेलेली. एका जिनात, हंगामाच्या भरात, चालू यंत्रात अडकलेला कापूस सोडवताना ती गेली. मालकाने डॉक्टरांचे पैसे भरले, त्या दिवाळीला बाबांना धोतरजोडी व घरच्या माणसाला लुगडे दिले आणि पुढल्या हंगामापासून बाबांना फाटकाशी राखणदार म्हणून बसविले. हंगाम संपला की राखणही संपे; मग पावसाळाभर बाबा ओट्यावर बसून राहात. आम्हां पोरांना ते त्या हाताने गोट्या खेळून दाखवीत. मालकाविषयी वावगा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही, उलट ते त्याचे गुणच गात. मीही पुष्कळ वर्षे तो मालक मोठा उदार असे समजत होतो. पुढे वकिली शिकावयास गेलो, तेव्हा एका जुन्या कायद्याच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर एक कोष्टक पाहिले. त्यात माणसाच्या शरीराचे एकेक अवयव लिहून त्यांपुढे टक्के छापले होते. अंगठा इतके, तर्जनी इतके, दुसरे कोणतेही बोट इतके. बाबांना जे मिळाले ते दान नव्हते, देणेही नव्हते. देणे काय होते ते या पानावर होते, आणि ते त्यांना कोणी दाखविलेच नव्हते. आज मी आपणांस त्या पानाची हकीकत सांगणार आहे.

चाकरीत कामास आलेल्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. राजाच्या कामावर मेलेल्याच्या बायकामुलांना अन्न व वेतन द्यावे असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवले आहे. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांमाणसांसाठी बालपरवेशी चालत असे, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु ही सोय तलवारबहाद्दराची आणि सरकारी चाकराची. विहीर खणताना दरड अंगावर येऊन ज्याचा पाय गेला, त्याची दाद घेण्यास दफ्तर नव्हते. भाऊबंद असले तर ते सांभाळीत, नसले तर देवळाची पायरी होतीच.

विलायतेतही शंभर-दीडशे वर्षांपूर्वी याहून बरे नव्हते. १८३७ साली तिथे एका खाटकाच्या नोकराचा खटला गाजला. मालाने वाजवीपेक्षा जास्त भरलेली गाडी मोडली, पोरगा खाली पडला, मांडी मोडली. ज्यूरीने त्याला शंभर पौंड देवविले. वरच्या न्यायाधीशांनी ते काढून घेतले. त्यांचे म्हणणे असे की, नोकरी पत्करताना तीतले धोकेही नोकराने पत्करलेले असतात. आणि चूक सोबतच्या नोकराची असेल तर मालकाने ती का भरावी? या एका निकालाच्या आधाराने पुढली साठ वर्षे इंग्लंडातील असंख्य थोटी-पांगळी माणसे कोर्टाच्या दारातून रिकाम्या हातांनी परत गेली. १८९७ साली तिथे कायदा झाला, तेव्हा कोठे चूक कोणाची हा प्रश्न बाजूला पडला; कामावर अपघात झाला एवढे पुरे झाले. जर्मनीत मात्र बिस्मार्कने ही गोष्ट १८८४ च्या जुलैतच करून ठेवली होती. त्याला मजुरांचा कळवळा होता असे नव्हे. समाजवाद्यांच्या हातातले निशाण काढून घ्यावे, हा त्याचा हिशेब. कसेही असो, पूर्ण निकामी झालेल्या कामगाराला वेतनाच्या दोन-तृतीयांश इतके पेन्शन त्या कायद्याने ठरवून दिले.

आता श्रोतेहो, आपल्या अभिमानाची गोष्ट सांगतो. त्याच १८८४ साली, जर्मन कायद्यावरची शाई वाळून दोन-अडीच महिने झाले असतील नसतील, तोच मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. सभा भरविणारे गृहस्थ म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. जन्म ठाण्याचा, मूळ गाव पुणे जिल्ह्यातले कन्हेरसर. जोतीराव फुल्यांचे अनुयायी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. काही काळ त्यांनी गिरणीत स्टोअरकीपरचे काम केले होते, तेव्हा गिरणी त्यांनी आतून पाहिलेली. त्या वेळी मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले होते. त्याच्यापुढे ठेवण्यासाठी लोखंड्यांनी एक अर्ज तयार केला आणि त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या घेतल्या. अर्जात मागण्या पाच. आठवड्यास रविवारची सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. या चारांची चर्चा पुष्कळ होते, आणि रविवारच्या सुटीचे श्रेय तर लोखंड्यांना सारेच देतात. १० जून १८९० रोजी ती मिळाली.

पाचवी मागणी मात्र आपण विसरलो. ती अशी होती की, गिरणीत काम करताना ज्याला भारी दुखापत होईल त्याला बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या उपजीविकेची योग्य तरतूद व्हावी. शब्द नीट ध्यानात घ्या. लोखंडे एक रक्कम मागत नाहीत. ते उपजीविकेची तरतूद मागतात. बोटाला किंमत लावून ती हातावर ठेवा आणि मोकळे व्हा, असे त्यांचे म्हणणे नाही. माणूस जगेपर्यंत त्याच्या भाकरीची सोय करा, असे आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटला जे सुचावयास आणखी तेरा वर्षे लागली, ते परळ-भायखळ्याच्या चाळींतल्या, बहुतांशी निरक्षर माणसांनी अंगठे उठवून मागितले. हिंदुस्थानात या हक्काचा इतिहास मी या अर्जापासून धरतो.

लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत वारले. त्यांची पाचवी मागणी तेव्हा जिथल्या तिथे होती.

हे झाले मुंबईचे. आपल्या खानदेशात त्या वेळी काय चालले होते? अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचा भाव चढला, खानदेशच्या काळ्या जमिनीत कापूस पसरला आणि पाठोपाठ जिन आणि प्रेस आले. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून नंदुरबारवरून अमळनेरला पोहोचली, तेव्हा गठाणींना थेट वाट मिळाली. जुने जिन ज्यांनी पाहिले असतील त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहील. लांबलचक शेड, यंत्रांच्या ओळी, त्यांच्या खालून अगर मागून फिरणारा एक लांब शाफ्ट, त्यावरून प्रत्येक यंत्राला गेलेला चामड्याचा पट्टा. बायका ओळीने उभ्या राहून कापूस घालीत आहेत. रूळ रुई ओढून घेतो, सुरीपाशी सरकी अडते आणि खाली गळते. हवेत तंतू इतके की समोरचे माणूस धुक्यात उभे आहे असे वाटावे. अशा जागी लुगड्याचा पदर पट्ट्यात सापडावयास, किंवा झोपेने जड झालेला हात रुळापाशी जावयास वेळ लागत नसे. आणि झोप तर येणारच. १८८४-८५ च्या त्याच कमिशनपुढे खानदेशच्या जिनांची साक्ष झाली. तीत असे निघाले की, हंगामाच्या भरात तीच ती माणसे, त्यांत स्त्रियाही, दिवसा आणि रात्री कामावर असत आणि हे सलग आठ आठ दिवस चाले.

मग १८८१ चा फॅक्टरी कायदा होता ना, असे कोणी विचारील. होता, पण त्याने कारखान्याची व्याख्याच अशी केली होती की, वर्षातून निदान चार महिने चालणारा आणि शंभर माणसे कामास असलेला तोच कारखाना. जिन म्हणजे हंगामी धंदा. चार महिन्यांच्या आत हंगाम आटोपला की तो कायद्याच्या दृष्टीने कारखानाच नव्हे! जिथे काम सर्वांत घाईचे आणि म्हणून सर्वांत धोक्याचे, तेच कायद्याच्या बाहेर. ही फट १९११ च्या कायद्याने बुजविली आणि हंगामी कारखाने आत आले. तीस वर्षे गेली. 'हंगामी' हा शब्द मात्र आपण लक्षात ठेवावा, तो पुढे आपणांस पुन्हा भेटावयाचा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर वारे फिरले. १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरू लागली, १९२० साली आयटक निघाली. या दोहोंत आपल्या नारायण मल्हार जोशींचा भाग होता. भारत सेवक समाजाचे हे सभासद. मूळचे कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. वक्तृत्व त्यांस बेताचे. आकडे, कलमे आणि दुरुस्त्या यांचा पिच्छा ते पुरवीत. १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात मजुरांची बाजू मांडण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा त्या काळातला. १ जुलै १९२४ पासून तो अंमलात आला. चूक कोणाची हे पाहावयाचे नाही, काम करीत असता व कामामुळे अपघात झाला की मालक देणे लागतो, हे तत्त्व त्याने आपल्या देशात आणले. माणूस दारूच्या अमलात असेल, किंवा संरक्षक जाळी त्याने जाणूनबुजून काढली असेल, तर मालक सुटे. कंत्राटदार मध्ये घातला म्हणून मात्र मूळ मालक सुटत नसे. हे कलम फार मोलाचे होते. उसाच्या फडाशी आपण पोहोचलो की ते पुन्हा काढू.

आता त्या कोष्टकाकडे वळतो. १९२३ च्या हिशेबाने कायमचा पुरा निकामी झालेल्या प्रौढ कामगाराला ४२ महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. अंशतः निकामी झाल्यास त्याचे टक्के. उजवा हात कोपराखाली गेला तर ६०, डावा गेला तर ५०. अंगठा २५, तर्जनी १०, इतर कोणतेही बोट ५. म्हणजे महिना ३० रुपये मिळविणाऱ्याची पुरी किंमत १,२६० रुपये. त्याच्या उजव्या हाताची ७५६, अंगठ्याची ३१५ आणि करंगळीची ६३. डावखुऱ्या माणसाचा विचार करण्यास कायदा करणाऱ्यांस सवड झाली नाही असे दिसते. हे ऐकून आपणांपैकी कित्येकांस शिसारी येईल, मलाही प्रथम आली होती. पण थोडा विचार केला म्हणजे यातले बळही दिसते. आकडा छापला गेला, म्हणजे मालकाच्या मर्जीतून तो सुटला. खानदेशातल्या जिनातला मजूर आणि मुंबईच्या गिरणीतला जॉबर यांच्या अंगठ्यांना टक्के सारखेच.

तथापि, लोखंड्यांनी मागितले होते ते हे नव्हे. हे एकरकमी होते. खेड्यातल्या माणसाच्या हाती एकदम रक्कम आली की तिचे काय होते हे आपणां व्यापारी गावच्या लोकांना सांगावयास नको. सावकार दारात उभा असतो, पोरीचे लग्न तटलेले असते. दोन वर्षांत रक्कम जाते आणि थोटा हात राहतो.

लोखंड्यांची मागणी खऱ्या अर्थाने मान्य झाली ती १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने. त्याचा पाया युद्धकाळात घातला गेला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, आणि विम्याची योजना प्रा. बी. पी. अडारकरांनी १९४४ साली आखून दिली. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा आरंभ झाला, १९५४ साली ती मुंबईस आली. मालक आणि कामगार दोघांनी वर्गणी भरावयाची. अपघात झाल्यास दवाखाना, बरा होईपर्यंत रोख मदत, आणि जन्माचे अधूपण आल्यास जन्मभर दरमहा पैसे. बिस्मार्कची व्यवस्था आपल्याकडे आली असे म्हणा, किंवा लोखंड्यांचा अर्ज ६८ वर्षांनी निकालात निघाला असे म्हणा.

पण कोणाच्या बाबतीत? या कायद्याने 'हंगामी कारखाने' वगळले. आणि हंगामी कारखाना म्हणजे काय, हे सांगताना धंद्यांची यादी दिली. सगळी वाचून दाखवीत नाही. आपल्या कामाचे तेवढे सांगतो: सरकी काढणे, कापसाच्या गठाणी बांधणे, भुईमूग फोडणे, साखर आणि गूळ करणे. नंदुरबार-शहाद्याचा नकाशा पुढे ठेवून कोणी ही यादी केली की काय असे वाटावे! चहा, कॉफी, रबर, लाख, नीळ हेही त्यात आहेत, तेव्हा तसे नव्हे हे उघड आहे. वर्षातून चार-सहा महिनेच वर्गणी भरणाऱ्याचा विमा चालवावयाचा कसा, ही चालकांची अडचणही खोटी नव्हती. परंतु अडचण खरी म्हणून परिणाम बदलत नाही. मुंबईच्या गिरणीत चार बोटे गेलेल्याला मरेपर्यंत महिन्याचे महिन्याला पैसे, आणि आमच्या बाबांसारख्याला, त्याने मागितली तर, १९२३ च्या कायद्याची एक रक्कम. पुढे पुरुषोत्तमनगरला सातपुडा-तापी परिसराचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, नवापूरच्या बाजूस डोकाऱ्याचा राहिला. सहकाराने या भागाचे रूप पालटले हे मी आनंदाने मान्य करतो. व्याख्येतला 'हंगामी' शब्द मात्र त्याने पालटला नाही, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो तसाच उतरला आहे.

कारखान्याच्या फाटकाबाहेर, शेतात, स्थिती आणखी अवघड. सालदार म्हणजे काय हे इथे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. अक्षय्य तृतीयेला बोली, वर्षाचा ठराव, आणि खाडा पडला की पगारातून कापणी. बैल अंगावर आला, सर्प चावला, कडबा कापताना बोट गेले, तर ते दिवसही खाड्यातच. १९२३ च्या कायद्याने शेतीत हात घातला तो ट्रॅक्टर किंवा वाफेच्या, विजेच्या यंत्रापुरता. बैलाचा नांगर धरणारा त्याच्या बाहेर राहिला. १९७२ साली शहाद्यास श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंतींसारखा भिल्ल समाजातला पुढारी सालदारांच्या बाजूने बोलू लागला. त्या चळवळीने मजुरी वाढवून घेतली, सालदाराला ताठ उभे राहावयास शिकविले. अपघाताचे देणे मात्र शेतात तसेच अनिर्णित राहिले. पुढे सरकारने शेतकऱ्यांसाठी अपघाताची योजना काढली: मृत्यू आल्यास किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक हात, पाय अगर डोळा गेल्यास एक लाख. चांगली योजना. पण तिचे दार सातबाऱ्यातून उघडते. ज्याच्या नावे गुंठाही नाही त्या सालदाराने कोणते दार ठोठवावे?

मधल्या काळात कोष्टक सुधारले हे सांगावयास हवे. १९६२ च्या दुरुस्तीने उजव्या-डाव्याचा भेद गेला. अंगठ्याला ३० टक्के, हात मनगटापासून गेल्यास ६०, आणि एका हाताची चारही बोटे गेल्यास ५०. जुन्या कोष्टकात तीच चार बोटे सुटी सुटी मोजून २५ टक्क्यांची होत. बाबांचा हात तोच, त्याची किंमत कागदावर दुप्पट झाली. १९७५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल आणखी पुढे टाकले. ओरिसातील एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. कोष्टकाप्रमाणे हे अंशतः अधूपण. न्यायालयाने म्हटले, एका हाताने सुतारकाम होत नाही. तेव्हा या माणसाची कमाईची शक्ती पुरी गेली असे धरा. शिवाय देणे अपघाताच्या दिवसापासून लागू होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे. माझ्या मते या कायद्याच्या इतिहासात याइतका शहाणपणाचा निकाल दुसरा नाही. माणसाला केवळ अवयवांची बेरीज न समजता त्याच्या हातातले काम कोणते, हे त्याने पाहिले.

आता उसाच्या फडाकडे येतो, कारण आपल्या जिल्ह्याचा आजचा खरा प्रश्न तिथे आहे. दिवाळी झाली की अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर भागातली कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या बाजूस ऊसतोडीला जातात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने गेल्या शतकाच्या सत्तरीपासून या स्थलांतराविषयी लिहिले आहे, तेव्हा परदेशांतील ग्रंथालयांत आपला 'कोयता' केव्हाच पोहोचला आहे. कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे, हे आपण जाणता. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. उचल मुकादमाकडून, हिशेब टनावर, आणि नोंद मुकादमाच्या वहीत, ती बहुधा नवऱ्याच्या नावे. आता समजा, मोळी बांधता बांधता बाईच्या हाताला कोयता लागला आणि बोटे गेली. नुकसानभरपाईचा हिशेब महिन्याच्या वेतनावर होतो. तिचे वेतन किती? वहीत तिचे नावच नाही. ती कोयत्याचा अर्धा भाग आहे. मालक कोण? मुकादम म्हणतो कारखाना, कारखाना म्हणतो शेतकरी, शेतकरी म्हणतो मी ऊस कारखान्याला दिला. मूळ मालक सुटत नाही असे जे कलम मघाशी सांगितले ते याच गोफासाठी आहे. पण ते लावून घेण्यास माणसाने कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि कोर्ट, त्याच्या समजुतीप्रमाणे, सुरतेला.

ही समजूत खोटी आहे, आणि आज इथे मी बोलावयास उभा राहिलो त्याचे निम्मे कारण हेच. १९९५ च्या दुरुस्तीपासून दावा जिथे अपघात झाला तिथेच लावला पाहिजे असे राहिलेले नाही. जखमी माणूस जिथे राहतो तिथेही तो लावता येतो. म्हणजे बारडोलीला गेलेल्या बोटांचा दावा आपल्या जिल्ह्यात चालू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे. हंगामी, रोजंदारीचा माणूस 'कामगार' नव्हे असे म्हणून टाळता येत असे, ती वाटही २००० सालच्या दुरुस्तीने बरीचशी बंद केली. आणि रक्कम आता ६३ रुपयांची राहिलेली नाही. पुऱ्या अधूपणाला वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाचा ठरीव गुणक असा हिशेब. २०२० च्या जानेवारीपासून वेतन महिना १५,००० रुपयांपर्यंत धरले जाऊ लागले. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. गणित करून पाहा: पुरी रक्कम १८,७१,८२०; अंगठ्याची, तीस टक्क्यांनी, ५,६१,५४६. महिन्याच्या आत न दिल्यास वर १२ टक्के व्याज. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, परंतु बोटांचे कोष्टक आणि घरच्या जिल्ह्यात दावा लावण्याची सोय संहितेनेही ठेवली आहे.

मग दावे का होत नाहीत? पुराव्यावाचून. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित मजुरांच्या कायद्याने प्रत्येक मजुराला कंत्राटदाराने पासबुक द्यावे असे सांगितले होते. मी या जिल्ह्यात इतकी वर्षे वकिली केली. फडावरून परतलेल्या माणसाच्या हातात असे पासबुक मी एकदाही पाहिले नाही. आणि योगायोग पाहा. देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले ते आपल्या शहादे तालुक्यात, टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी. मी कोण आहे, हे आमचा मजूर आता डोळ्यांच्या बुबुळांनी आणि बोटांच्या ठशांनी सिद्ध करू शकतो. मी काल कोणाच्या कामावर होतो, हे मात्र तो सिद्ध करू शकत नाही. अलीकडे बँकेच्या खात्यातून वर्षाला वीस रुपये कापून दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. तो जरूर घ्यावा, मी कोणाला परावृत्त करीत नाही. पण तो हप्ता मजुराच्या खिशातून जातो. १८८४ साली लोखंड्यांनी मागितले होते ते गिरणीकडून.

बाबा वारले त्यानंतर पुष्कळ वर्षांनी त्यांच्या मुलाने घर बदलले आणि एक पत्र्याची पेटी माझ्याकडे आणली. कागद जुने आहेत, ठेवावे की जाळावे, एवढेच त्याला विचारावयाचे होते. त्यात तिकिटावर लिहून घेतलेली एक पावती निघाली. औषधपाण्याचा खर्च, धोतरजोडी आणि लुगडे पावले, यापुढे माझे कंपनीकडे काहीएक येणे राहिले नाही, असा मजकूर. खाली अंगठा, डाव्या हाताचा. मी त्याला १९२३ च्या कायद्याचे सतरावे कलम काढून दाखविले: नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार निरर्थक समजावा. पावती लिहिली गेली त्या दिवशीही हे कलम लागू होते. मुलाने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, पावतीची नीट घडी घातली आणि ती पेटीत परत ठेवली.